तीस डेसिबलचा शेजारधर्म

काही वाक्यं ऐकली की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. 'चलता है' हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. पण आमच्या धंद्यात त्याचा एक शिकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला भाऊ आहे. तो म्हणतो, "ईएमसीचं शेवटी बघू." डिझाईन रिव्ह्यूमध्ये म्हणतो, प्लॅनिंगमध्ये म्हणतो. आणि लॅबमधून लाल खुणांचा ग्राफ आला की हाच भाऊ म्हणतो, "हा हार्डवेअरवाल्यांचा प्रश्न आहे ना?"

आज या भावाची हजामत करायची आहे. जरा लांबेल. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. (माझे निम्मे मित्र वेबवाले आहेत, त्यांना वाटतं बग फक्त स्क्रीनवर दिसतात.) ईएमसी म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगतता. इतका भारदस्त शब्द प्रत्यक्षात कुणी बोलत नाही, आपणही नको बोलूया. अर्थ साधा आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. एक, तुमच्या डब्यानं... राउटर, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, चार्जर, काहीही... आजूबाजूच्या हवेत आणि वायरींमध्ये नको तेवढा गोंगाट करायचा नाही. दोन, दुसऱ्यांनी केलेला थोडाफार गोंगाट, लाइनवर आलेला विजेचा झटका, कुणाच्या बोटातून बसलेला स्टॅटिकचा चटका, हे सगळं सोसून आपलं काम करत राहायचं. स्वतः दंगा करायचा नाही आणि दुसऱ्याच्या दंग्यानं कोलमडायचं नाही. आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर असतो तसाच हाही लिहून ठेवलेला आहे, फक्त डेसिबलमध्ये.

हे नियम म्हणजे कुणा बाबूला रिकामपणी सुचलेला उद्योग आहे असं वाटणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. रेडिओ ऐकणाऱ्यांच्या कानावर विजेच्या यंत्रांची खरखर येऊ नये म्हणून सिस्पर नावाची आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले आणि त्यांच्या गोंगाटानं टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या. १९७९ साली तिथल्या एफसीसीनं कॉम्प्युटरसाठी मर्यादा घालून दिल्या. रेडिओ शॅकचा टीआरएस-८० मॉडेल वन हा तेव्हाचा धडाक्यानं खपणारा कॉम्प्युटर. तो या नियमांत बसेना. शेवटी जानेवारी १९८१ मध्ये कंपनीनं तो बंदच केला. म्हणजे बघा, खपणारं मॉडेल बाजारातून काढायला लावण्याइतका हा नियम तेव्हाही खरा होता.

युरोपनं १९८९ साली निर्देश काढला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो सक्तीचा केला. त्यांनी दोन्ही बाजू धरल्या, गोंगाट न करण्याची आणि सोसण्याचीही. आयटी उपकरणांच्या गोंगाटासाठी सिस्पर २२ हे मानक १९८५ साली आलं. पुढे टीव्ही, कॉम्प्युटर आणि फोन यांतला फरकच पुसला गेला, तेव्हा २०१२ साली सिस्पर ३२ आलं आणि त्यानं सगळ्यांना एका छपराखाली घेतलं. सोसण्याच्या बाजूला आधी सिस्पर २४ होतं, आता सिस्पर ३५ आहे.

इतिहास संपला. आता मुद्द्यावर येतो.

"हा हार्डवेअरवाल्यांचा प्रश्न आहे"

या वाक्याला उत्तर १९७५ सालीच मिळालेलं आहे. कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब नावाची हौशी लोकांची मंडळी भरायची. तिथे स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या गृहस्थानं आपला अल्टेअर ८८०० आणला. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना स्पीकर. त्यानं शेजारी एक छोटा रेडिओ ठेवला, पुढच्या स्विचांनी प्रोग्रॅम भरला, आणि रेडिओतून बीटल्सचं गाणं वाजायला लागलं! कुठलंही साउंड कार्ड नाही. कोडमधले लूप कमी-जास्त लांबीचे केले की मशीनच्या गोंगाटाचा सूर बदलतो, आणि तो गोंगाट रेडिओ पकडतो, एवढंच. वर सांगितलेल्या टीआरएस-८० च्या गेममध्येही हीच युक्ती होती. शेजारी रेडिओ ठेवा, आवाज ऐका.

हार्डवेअर तेच, वायरी त्याच. सूर कोणी बदलला? कोडनं. त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्यांनी 'आमचा काय संबंध' म्हणणं म्हणजे तबला माझा नाही म्हणून आवाजही माझा नाही, असं वाजवणाऱ्यानं म्हणण्यासारखं आहे.

आणि हे काही जुन्या मशीनपुरतं नाही. आजच्या कुठल्याही मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रत्येक पिनचा वेग ठरवणारी सेटिंग असते. एसटीएम-३२ वापरणाऱ्यांनी स्वतःचा कोड उघडून बघा. पन्नास टक्के शक्यता आहे की पिनचा वेग 'व्हेरी हाय' ठेवलेला असेल, कारण ज्या उदाहरणातून तो उचलला त्यात तसं होतं. त्या पिनवर चालतंय काय? ११५२०० बॉडचा यूआरटी. एक बिट जवळपास पावणेनऊ मायक्रोसेकंदांचा, आणि त्याची कड मात्र एक-दोन नॅनोसेकंदांत वर जाते. कड एक नॅनोसेकंदाची असेल तर साध्या सूत्रानं तिचा गोंगाट ३१८ मेगाहर्ट्झपर्यंत जोरात पसरतो. म्हणजे पेठेतल्या गल्लीत दूध आणायला आपण रेसिंग कार काढली. दूध तेवढंच आलं, पण गल्ली उठून बसली. उपाय? एका रजिस्टरमध्ये दोन बिट बदलायचे. खर्च शून्य. तेच हार्डवेअरवाल्यानं बोर्ड छापून झाल्यावर करायचं म्हटलं तर नवा बोर्ड, नवी ऑर्डर आणि काही आठवडे.

तशीच न वापरलेली क्लॉक आउटपुट. बूटलोडरनं चालू केली, कुणी बंद केली नाही, बोर्डावरच्या वायरीत बारा महिने चोवीस तास शिट्टी वाजतेय. तसाच स्प्रेड स्पेक्ट्रमचा बिट, मेमरी बसची ताकद, पीडब्ल्यूएमची फ्रीक्वेन्सी. हे सगळं कुठे ठरतं? आपल्या गिट रिपॉझिटरीत.

दुसरी बाजू, म्हणजे सोसण्याची, ती तर निम्म्याहून जास्त आपलीच आहे. स्टॅटिकच्या चाचणीत डब्याला थेट स्पर्शानं ४ किलोव्होल्ट आणि हवेतून ८ किलोव्होल्टचा चटका देतात. मानक असं म्हणत नाही की तेव्हा काहीच होता कामा नये. क्षणभर गडबड चालेल, पण नंतर कुणी हात न लावता डबा आपोआप रुळावर आला पाहिजे आणि साठवलेला डेटा जाता कामा नये. आता हे 'आपोआप रुळावर येणं' कोण लिहितो? वॉचडॉग कोण चालवतो? चटक्यानं आय-टू-सी बस अडकली तर नऊ क्लॉक पल्स देऊन ती सोडवायची असते, हे कोड कोणाचं? तुमच्या घरचा राउटर पावसाळ्यात वीज चमकली की अडकतो आणि बाबांना उठून स्विच बंद-चालू करावा लागतो ना? तिथे दोष कपॅसिटरचा असेलही. पण बऱ्याचदा एका आळशी लूपचा असतो. तो कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो.

तीस डेसिबल म्हणजे किती?

घरगुती वापराच्या, म्हणजे क्लास बी उपकरणासाठी सिस्पर ३२ ची मर्यादा दहा मीटर अंतरावर ३० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे (३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये, त्याच्यावर १००० पर्यंत ३७). साध्या भाषेत सुमारे ३२ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. साध्या पेन्सिल सेलचे दीड व्होल्ट घ्या आणि त्याचे सत्तेचाळीस हजार तुकडे करा. त्यातला एक तुकडा.

आणि ही मर्यादा ओलांडायला किती लागतं? डब्यातून बाहेर आलेल्या एक मीटर केबलवर ५० मेगाहर्ट्झचा जेमतेम ५ मायक्रोॲम्पिअर चुकार करंट आला की अमेरिकेची क्लास बी मर्यादा गेली. पाच मायक्रोॲम्पिअर! डब्याला कितीही पत्रा लावा, केबल बाहेर आली की ती ॲन्टेना आहे. १०० मेगाहर्ट्झला पाऊण मीटर वायर म्हणजे अगदी मापानं शिवलेली ॲन्टेना. आता टेबलामागे बघा, पाऊण मीटरच्या किती वायरी लोंबतायत ते.

म्हणून 'शेवटी बघू' हे चालत नाही. पाच मायक्रोॲम्पिअर शेवटच्या आठवड्यात फेराइटचा मणी ओवून पकडता येत नाहीत. कधीकधी येतात, पण तो नशिबाचा भाग. नाही आले की मग खरी मजा सुरू होते.

फक्त टेस्टपुरतं

माझ्या आधीच्या नोकरीतली गोष्ट आहे. कंपनीचं नाव घेत नाही, आणि ऐकून कुणाला आपलीच कंपनी वाटली तर आश्चर्य नाही. ब्रॉडबँडचा गेटवे होता, मी फर्मवेअरमध्ये. चेंबरमधला रिपोर्ट आला, २५० मेगाहर्ट्झला ६ डेसिबल वर. ६ डेसिबल म्हणजे परवानगीच्या दुप्पट. कारण शोधायला शेरलॉक लागत नाही : गिगाबिट इथरनेटचा क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा, त्याची दुप्पट २५०. लेआउटमध्ये तो ट्रॅक भलतीकडून फिरवलेला.

शुक्रवारी संध्याकाळी साहेब खुर्ची ओढून बसले.

"अरे, लॅबसाठी एक वेगळं बिल्ड दे ना. पोर्ट शंभर मेगाबिटला लॉक कर, मेमरीचा क्लॉक एक पायरी खाली आण. फक्त टेस्टपुरतं."

"सर, बॉक्सवर गिगाबिट लिहिलंय."

"बॉक्सवर लिहिलंय रे. रिपोर्टमध्ये कुठे लिहायचंय?"

मी नाही म्हटलं. का नाही, तेही सांगितलं. मानकात स्पष्ट आहे की नेहमीच्या वापरात जास्तीत जास्त गोंगाट ज्या अवस्थेत होतो त्या अवस्थेत मोजायचं. गिगाबिटचा डबा शंभरला बांधून मोजणं म्हणजे पट्ट्यानं तोंड बांधून कुत्रा शांत आहे असं सर्टिफिकेट घेणं. साहेब काही रागावले नाहीत. "तू फार टेन्शन घेतोस," म्हणाले आणि उठून गेले. सोमवारी ते बिल्ड दुसऱ्या कुणीतरी दिलं. शंभर मेगाबिटला क्लॉक २५ मेगाहर्ट्झवर येतो. २५० चं शिखर बसलं, ग्राफ मर्यादेखाली आला, केक कापला. मग गिगाबिटचं बिल्ड घालून माल बाहेर पडला.

२०१५ साली फोक्सवॅगनचं बिंग फुटलं तेव्हा आपण सगळे म्हणालो, बघा या जर्मनांनी काय केलं. गाडी टेस्टवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. बरोबर आहे, भयंकरच केलं. पण 'फक्त टेस्टपुरतं' बिल्ड वेगळं काय करतं? तिथे निदान कारला स्वतः ओळखावं तरी लागत होतं. इथे आपण हातानं बदलून देतो.

शिक्के आणि त्यांची किंमत

हार्डवेअरची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही बरं का. लॅबला जातो तो लाडाचा नमुना. फेराइट हातानं लावलेले, पत्र्याला बोटांसारख्या स्प्रिंगा, महागडी केबल. कारखान्यातून निघतो तो सावत्र. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारा एखादा स्वस्त बिननावाचा अडॅप्टर उघडून बघा. (आधी प्लगमधून काढा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरला रिकामा व्हायला वेळ द्या. नंतर मला शिव्या नकोत!) आत बऱ्याचदा गंमत दिसते. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलसाठी जागा छापलेली असते, आणि कॉइलच्या जागी दोन वायरीचे तुकडे. म्हणजे डिझाईन करणाऱ्याला सगळं माहीत होतं. टेस्टच्या दिवशी तिथे कॉइल असू शकते. तुमच्या घरी वायर आहे.

वर मागच्या बाजूला शिक्क्यांची जत्रा. त्यात 'सीई' असतंच. व्हॉट्सॲपवर फिरतं की अक्षरांमधलं अंतर कमी असेल तर ते 'चायना एक्स्पोर्ट'. ही निव्वळ दंतकथा आहे, तसा वेगळा शिक्का अस्तित्वात नाही. खरी गोष्ट जास्त बोचरी आहे. सीई हा युरोपचा शिक्का, आणि बहुतेक उत्पादनांसाठी तो उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर स्वतः लावतो. भारतातल्या विक्रीसाठी त्याला कायदेशीर अर्थ काहीच नाही. फक्त तो बघून आपल्याला बरं वाटतं.

आपल्याकडचं काय? टेलिकॉम उपकरणांसाठी दूरसंचार विभागाचं टीईसी आहे. २०१७ च्या नियमांनी सक्तीची चाचणी आली, पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ ला लागू झाला, नंतर यादी वाढत गेली. त्यात सुरक्षेबरोबर ईएमसीही आहे, ही चांगली गोष्ट. पण लॅपटॉप, अडॅप्टर, पॉवर बँक यांच्यासाठी जी बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे (पहिला आदेश २०१२ चा), ती सुरक्षेच्या मानकावर. म्हणजे अडॅप्टर शॉक देणार नाही, पेटणार नाही, हे बघितलं जातं. ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण तो शेजारच्या लाइनीत किती खरखर ओततो हे त्या नोंदणीत कुणी विचारत नाही. घराघरात पाच-सहा अडॅप्टर, इमारतीत दोनशे. सगळ्यांना सुरक्षित असल्याचा दाखला, आणि शांत असल्याचा कुणालाच नाही.

"कुणाचं काय बिघडतं?"

हा खरा प्रश्न आहे, आणि मला वाटतं सगळा गोंधळ इथेच आहे. ज्याचं बिघडतं तो आपला ग्राहक नसतो. आपल्या ग्राहकाचा राउटर मस्त चालतो. बिघडतं शेजाऱ्याचं. आणि शेजारी आपल्या कॉल सेंटरला फोन करत नाही, कारण त्याला कळतच नाही की हे कशामुळे होतंय.

वेल्समध्ये ॲबरहोसन नावाचं खेडं आहे. तिथे अठरा महिने रोज सकाळी सात वाजता सगळ्या गावाचं ब्रॉडबँड झोपायचं. कंपनीनं केबल बदलून पाहिली, फरक नाही. शेवटी ओपनरीचचे इंजिनिअर स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन सकाळी सहा वाजता पावसात गावातून फिरले. बरोब्बर सातला गोंगाट सुरू झाला. एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही! घरमालक सकाळी उठून तो लावायचा की अख्खं गाव ऑफलाइन. बिचाऱ्याला कळल्यावर इतकी लाज वाटली की त्यानं तो टीव्ही परत लावणार नाही म्हणून सांगितलं. २०२० सालची ही बातमी सगळ्यांनी गंमत म्हणून एकमेकांना पाठवली. मला त्यात अठरा महिने दिसतात. तक्रारी करणारे लोक दिसतात, आणि "तुमच्या बाजूलाच काहीतरी असेल, मोडेम रीस्टार्ट करा" हे उत्तर दिसतं.

जवळचं उदाहरण हवं? पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं निघा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशची रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली त्यामागे एक मोठं कारण होतं रेडिओ शांतता. आता ही दुर्बीण ज्या पट्ट्यात ऐकते, साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ, त्याच पट्ट्यात आपल्या डब्यांचे क्लॉक आणि त्यांच्या पटी ओरडत असतात. सिस्परच्या मर्यादा टीव्ही आणि रेडिओ वाचवायला आखलेल्या आहेत, दुर्बीण वाचवायला नाहीत. म्हणजे नियम पाळूनही तिला त्रास होतोच. मग आपण नियमही न पाळता चार डेसिबल इकडे, सहा तिकडे करतो, तेव्हा कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेल्या सिग्नलवर आपल्या सेट-टॉप बॉक्सचा क्लॉक पिंक टाकतो. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ जिथे वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात ती जागा आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपण म्हणायचं कुणाचं काय बिघडतं!

"लहान कंपन्यांना परवडत नाही"

हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. चेंबरचं भाडं महाग आहे, तारखा मिळत नाहीत, आणि दोनदा नापास झालेल्या स्टार्टअपचा जीव जातो हे मी बघितलंय. पण म्हणूनच तर शेवटी बघू नका! कोॲक्स केबलच्या टोकाला एक बोटभर वेढा करा, झाला प्रोब. टीव्ही बघायची यूएसबी स्टिक, आरटीएल-एसडीआर, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकते. तिनं डेसिबल खरे येणार नाहीत, पण 'काल होतं त्यापेक्षा आज वाढलं की कमी झालं' हे नक्की कळतं. बोर्ड टेबलावर आल्याच्या पहिल्या दिवसापासून हे करता येतं. त्यासाठी चेंबर लागत नाही. थोडी लाज लागते.

"मग दर पंधरा दिवसांनी ओटीए अपडेट जातो, दर वेळी लॅबला जायचं का?" नाही. पण एवढं तरी करा :

१. लॅबच्या रिपोर्टमध्ये फर्मवेअरचा नुसता व्हर्जन नंबर नको, पूर्ण हॅश लिहा. जे बिल्ड मोजलं त्याचाच हॅश. व्हर्जन नंबर कुणीही बदलतं, हॅश नाही बदलता येत.

२. कोडमधल्या ज्या फाइली गोंगाट ठरवतात... क्लॉक, पिनचा वेग, मेमरी, इथरनेट, स्प्रेड स्पेक्ट्रम... त्यांची यादी करा. त्यात एक ओळ जरी बदलली तरी सीआयनं बिल्ड अडवावं आणि टेबलावरची मोजणी झाल्याशिवाय सोडू नये.

३. 'फक्त टेस्टपुरतं' बिल्ड कुणी मागितलं तर ते ईमेलवर मागायला सांगा. गंमत बघा, ईमेल येत नाही. :-)

आणि सरकारकडून माझं मागणं एकच आहे. कागद कमी मागा, पण दुकानातून माल उचलून मोजा. लॅबला आलेला लाडाचा नमुना नको, टपकीर गल्लीतून पैसे देऊन घेतलेला डबा हवा. आणि बीआयएसच्या त्या नोंदणीत अडॅप्टरला सुरक्षेबरोबर ईएमसीही घाला. दोनशे अडॅप्टरच्या इमारतीत राहणारे आपण सगळेच आहोत.

आपण रात्री दहानंतर डीजे लावणाऱ्या मंडळाला नावं ठेवतो. लिफ्टमध्ये मोठ्यानं फोनवर बोलणाऱ्याकडे डोळे वटारतो. ते निदान कानाला ऐकू येतं, आणि ऐकू येतं म्हणून कुणीतरी पोलिसांना फोन तरी करतं. आपण जो दंगा बनवून, बॉक्समध्ये भरून, घरोघर पोचवतो तो कुणालाच ऐकू येत नाही. त्याची तक्रार कुणी करणार नाही. म्हणूनच तो आपण स्वतः मोजायचा असतो.

असो. बरंच लांबलं. सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा, पिनच्या वेगाची ती सेटिंग शोधा. 'व्हेरी हाय' असेल तर खाली आणा. बाकीचं पुढच्या शनिवारी भांडू.